रात्री दहाला जमेल असा बॅकअप : परदेश सहलीच्या फोटोंसाठी प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट

तिकिटं झाली, आता फोटोंचं बघायचं. जाणार तिघं : मी, दादा आणि वहिनी. कॅमेरा माझा, २४ मेगापिक्सेलचा, कार्डाचा स्लॉट एकच (हे महत्त्वाचं, पुढे येईलच). त्या दोघांचे फोन, माझा फोन. लॅपटॉप न्यायचा की नाही अजून ठरलेलं नाही. तहान लागल्यावर विहीर खणणं घरी चालून जातं, परक्या देशात कार्ड भरल्यावर कुठलं चांगलं मिळतंय हे शोधत फिरणं म्हणजे फिरण्याचा अर्धा दिवस गेला, म्हणून ही वही.

दादाचं म्हणणं, "अगं, क्लाउडवर जातंच की सगळं आपोआप, कशाला एवढा खटाटोप." त्याच्या फोनपुरतं ते बरंचसं खरंही आहे. कॅमेऱ्याच्या रॉ फायली (सेन्सरने टिपलेला कच्चा, प्रक्रिया न केलेला फोटो) आपोआप कुठेच जात नाहीत.

एक अट आधीच लिहून ठेवते, बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं. दिवसभर पायपीट करून रात्री दहाला हॉटेलवर आल्यावर, डोळे मिटत असताना, माझ्याच्याने जेवढं होईल तेवढाच बॅकअप. त्यापेक्षा भारी काहीही ठरवलं तरी ते दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बारगळणार.

१९ ऑगस्ट

आकडेमोड. आधीच्या सहलींचे फोल्डर उघडून दिवसाला किती होतं ते बघितलं, अंदाजाने बोलण्यापेक्षा हे बरं.

माझ्या कॅमेऱ्याची कॉम्प्रेस्ड रॉ साधारण २५ एमबी, जेपेग १० एमबीच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून एका क्लिकला ३५. दिवसाला ४०० क्लिक धरले (नवीन जागी होतात, बर्स्ट मोडवर, म्हणजे बटण दाबून धरलं की धडाधड फोटो, एक पक्षी दिसला की ४० तिथेच गेले) तर १४ जीबी. व्हिडिओ ४के, १०० मेगाबिटवर. मेगाबिटला ८ ने भागायचं, सेकंदाला १२.५ एमबी, मिनिटाला ७५० एमबी. दिवसात सगळे मिळून दहा मिनिटं शूट केलं तरी साडेसात जीबी, आणि दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही हो, एखादी बोटीची फेरी आणि रस्त्यावरचा एखादा बाजावाला.

तर दिवसाला साडेएकवीस. पंधरवड्याचे ३०० जीबी. हा आकडा बघून आधी घाबरायला झालं, मग लक्षात आलं की खरा प्रश्न ३०० चा नाहीच, एवढी जागा हल्ली कार्डावरही मिळते. प्रश्न रोज रात्रीच्या २० जीबीचा आहे, ते एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे जाणार.

रॉ बंद करून फक्त जेपेगवर गेलं तर फोटोंची जागा तिपटीहून जास्त कमी होते, हा पर्याय आहेच. मला नको. संध्याकाळच्या उजेडातले फोटो मागून उजळायला रॉच लागते.

२१ ऑगस्ट

कार्डावरच्या खुणा. वहिनींनी एक कार्ड हातात घेऊन विचारलं, "एवढ्याशा चकतीवर एवढं काय काय लिहिलंय?" तेव्हा दिव्याखाली धरून नीट वाचलं.

मोठ्या अक्षरात १७० एमबी लिहिलंय, तो वाचण्याचा वेग, आणि तोही पूर्ण मिळत नाही. शेजारी बारीक रोमन एक आहे, म्हणजे यूएचएस-१, कार्डातून डेटा ये-जा करायची वाट, तिची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. त्यापुढचा वेग कंपन्या स्वतःच्या जुगाडाने काढतात, तो त्यांच्या खास रीडरमध्येच दिसतो, कॅमेऱ्यात नाही. आपल्या कामाची खूण कोपऱ्यात असते : इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३, आणि त्याच्या बाजूला व्ही३०. दोन्हींचा अर्थ एकच, सलग लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली येणार नाही. माझ्या व्हिडिओला साडेबारा लागतात, म्हणजे व्ही३० भरपूर झालं. व्ही६० आणि व्ही९० ची कार्डं ४०० मेगाबिटवाल्या कॅमेऱ्यांसाठी, शिवाय त्यांचा वेग मिळायला मागच्या बाजूला पिनांची दुसरी ओळ लागते आणि ती वाचणारा कॅमेरा लागतो. माझ्या कॅमेऱ्यात ती दुसरी ओळ वाचायची सोय नाही. तिथे पैसे घालायचे नाहीत.

३२ जीबीपर्यंतचं कार्ड एसडीएचसी, त्यावर फॅट३२ (फायली मांडून ठेवायची एक पद्धत), त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून जुन्या छोट्या कार्डांवर लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. ६४ पासून वर एसडीएक्ससी, त्यावर एक्सफॅट, तिथे ही अडचण नाही. जुनी ३२ वाली दोन आहेत ती फक्त अडीअडचणीला.

२४ ऑगस्ट

मोठं एक की लहान अनेक? हा वाद कधीच मिटत नाही.

लहान अनेक घेतली तर एक कार्ड गेलं तरी सगळी सहल जात नाही. मोठं एक घेतलं तर कार्ड काढ-घाल कमी, आणि खरं सांगायचं तर कार्ड बिघडून जाण्यापेक्षा बदलताना खाली पडून, खिशात राहून, खुर्चीच्या फटीत जाऊन हरवण्याची शक्यता जास्त. दोन स्लॉटचा कॅमेरा असता तर एकाच वेळी दोन्हीकडे लिहायला लावलं असतं आणि वादच संपला असता. एक स्लॉट आहे म्हणून मी लहानांच्या बाजूने.

६४ जीबीची सहा. एका कार्डात साधारण तीन दिवस बसतात, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी बदल, तोही रात्री खोलीत टेबलावर, रस्त्यात उभ्या उभ्या नाही. सहा गुणिले ६४ म्हणजे ३८४, अंदाजापेक्षा चौथा हिस्सा जास्त. (कॅमेरा ६४ च्या जागी साडेएकोणसाठच दाखवतो, फसवणूक नव्हे, कंपनी हजाराने मोजते आणि यंत्र १०२४ ने.)

सगळ्यात महत्त्वाचं यातलं : सहल संपेपर्यंत एकही कार्ड पुसायचं नाही. कार्ड भरलं की ते स्वतःच पहिली प्रत. रोज कॉपी करून तेच कार्ड रिकामं करून पुन्हा वापरणारे असतात, त्यात रोज रात्री एका क्षणी तुमच्याकडे एकच प्रत उरते आणि तो क्षण नेमका झोपेत असताना येतो. चार जास्तीची कार्डं घेणं त्यापेक्षा स्वस्त.

३० ऑगस्ट

कार्डं आली. घरात आल्या आल्या तपासणी.

बनावट कार्डाची गंमत अशी की आत चिप ८ जीबीची असते आणि कंट्रोलर बिनदिक्कत ६४ सांगतो. पहिले ८ जीबी नीट जातात, पुढचं सगळं हवेत किंवा आधीच्यावर. फायलींची नावं दिसत राहतात, उघडल्या की करड्या पट्ट्या. म्हणजे दोन-चार फोटो काढून बघितले तर कळतच नाही. पूर्ण भरून परत वाचायला लागतं. विंडोजवर त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू आहे, मॅक आणि लिनक्सवर एफ३, दोन्ही फुकट. एका कार्डाला अर्धा तास लागतो, लावून द्यायचं आणि दुसरी कामं करायची.

सहाही पास. मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली, कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्याला हवी तशी फोल्डरं तोच बनवतो. प्रत्येकावर बारीक मार्करने १ ते ६. चिकटपट्टी लावायची नाही, स्लॉटमध्ये सुटून अडकते.

२ सप्टेंबर

लॅपटॉप नाही न्यायचा, ठरलं. वजन, चार्जर, विमानतळावर बाहेर काढा, परत भरा, आणि खोलीत सोडून गेलं की दिवसभर डोक्यात तेच. शिवाय लॅपटॉप उघडला की मी फोटो एडिट करत बसणार आणि एक वाजणार, हे मला माहीत आहे.

त्याऐवजी १ टीबीची पोर्टेबल एसएसडी (चिपवर साठवणारी ड्राइव्ह), एक यूएसबी-सी हब (एका पोर्टाची अनेक करणारी डबी), आणि फोन. एसएसडीच का, हार्ड डिस्क घरात आहे की, असं दादाने विचारलं. अरे, हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आहे, चालू असताना पलंगावरून पडली तर बहुतेक खेळ खल्लास, आणि माझा सगळा कारभार पलंगावरच होणार आहे. एसएसडीत हलणारं काही नाही, आणि वीजही कमी खाते, फोनवर चालवायची तर ते महत्त्वाचं.

एसएसडी एक्सफॅट केली. विंडोजची एनटीएफएस ठेवली असती तर आयफोन आणि मॅक दोन्हींना त्यावर लिहिता येत नाही, आणि वेळ आली तर दादाच्या आयफोनला लावता आली पाहिजे. एक्सफॅटची एक खोड आहे, त्यात जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, लिहिणं चालू असताना वायर ओढली तर एखादी फाइल नव्हे, पूर्ण यादीच बिघडू शकते. म्हणून अँड्रॉइडवर इजेक्ट करूनच काढायची. आयफोनवर इजेक्टचं बटणच नाही, तिथे कॉपी संपल्यावर थोडं थांबायचं आणि मग काढायची.

पासवर्ड लावायचा का? विचार केला, नाही लावणार. एन्क्रिप्ट केलेली ड्राइव्ह सगळ्या फोनना उघडत नाही, आणि देवळांचे-डोंगरांचे फोटो कोणी बघितले तर बघू दे. पासपोर्टचे स्कॅन वगैरे मात्र या ड्राइव्हवर अजिबात ठेवायचे नाहीत.

६ सप्टेंबर

आज रंगीत तालीम केली आणि बरं झालं केली.

मांडणी अशी : फोनला हब, हबला एका बाजूला चार्जर, कार्ड हबच्याच खाचेत, एसएसडी तिसऱ्या पोर्टला. आधी चार्जर न लावता बघितलं. एसएसडीचा दिवा लागला, दोनदा लुकलुकला, गेला, परत लागला, फोनवर "ड्राइव्ह जोडली", "ड्राइव्ह काढली", "ड्राइव्ह जोडली" असा नुसता पाऊस. वीज पुरत नाही. चार्जर लावल्यावर शांत. म्हणजे चार्जर आत घेणाराच हब हवा आणि तिकडच्या भिंतीत बसणारा प्लग ॲडाप्टर या कामासाठी राखून ठेवायला हवा, नाहीतर तिघांचे फोन एका ॲडाप्टरवर भांडणार.

मग वेग. २० जीबीला एकोणीस मिनिटं लागली, तेव्हा वाटलं कार्ड मंद आहे, पण तेच कार्ड कॉम्प्युटरच्या रीडरमध्ये सेकंदाला ८५ ने वाचतं, चार मिनिटांत काम. गोम फोनमध्ये आहे. माझ्या फोनचं पोर्ट दिसायला यूएसबी-सी असलं तरी आतून यूएसबी २, ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३५-४० एमबी, आणि कार्डातून वाचणं आणि एसएसडीवर लिहिणं दोन्ही त्याच एका वाटेने, म्हणून अर्ध्यावर, १८. यूएसबी-सी हा पोर्टचा आकार आहे, वेग वेगळा विचारावा लागतो, बऱ्याच मधल्या किमतीच्या फोनमध्ये हेच असतं. नवीन फोन घेणार नाही यासाठी. एकोणीस मिनिटं चालतील, फक्त ती झोपायच्या आधीची एकोणीस मिनिटं नसावीत. खोलीत शिरल्या शिरल्या कॉपी लावायची, मग आंघोळ.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. कॉपी झाल्यावर मोजदाद केली तर फोटो बरोबर आणि व्हिडिओ एकही नाही. मी डीसीआयएम फोल्डर (कॅमेरे फोटो ठेवतात ते) कॉपी केलं होतं, सगळे तेच करतात. माझा कॅमेरा व्हिडिओ तिथे ठेवतच नाही, "प्रायव्हेट" नावाच्या शेजारच्या फोल्डरात, त्याच्या आत अजून दोन पायऱ्या खाली ठेवतो. नियम : निवड करत बसायचं नाही, कार्डावर दिसेल ते सगळं, मुळापासून कॉपी. रिकामी फोल्डरं आली तर येऊ देत.

फोनवरची फाइल कॉपी स्वतः काही पडताळून बघत नाही. कॉम्प्युटरवर चेकसम (फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा ताळ्याचा आकडा) काढता येतो, फोनवर रात्री दहाला ते होणार नाही. म्हणून तीन गोष्टी : फायलींची संख्या जुळते का, एकूण आकार जुळतो का, आणि शेवटचा फोटो व शेवटचा व्हिडिओ एसएसडीवरून उघडतो का. दोन मिनिटं. स्क्रीन बंद झाली की माझ्या फोनवर कॉपी रेंगाळते, तेवढा वेळ स्क्रीन चालू ठेवायचं सेटिंग शोधून ठेवलं.

९ सप्टेंबर

क्लाउड. दादासाठी हिशेब मांडून दाखवला. हॉटेलच्या वाय-फायचा अपलोड ५ मेगाबिट धरू (डाउनलोड ५० असला तरी अपलोड एवढाच असतो पुष्कळदा). दिवसाचे २१ जीबी चढवायला नऊ तासांच्या वर. मध्ये लॉगिनची मुदत संपली, पोर्टलने परत खोली नंबर विचारला, की थांबलं. म्हणजे पूर्ण बॅकअप क्लाउडवर हे तिथून होणारं काम नाही.

पण दिवसातले निवडक पंचवीस जेपेग, अडीचशे एमबी, सात मिनिटांत जातात. सगळ्या बॅगा गेल्या तरी हे पंचवीस-पंचवीस राहतील, आणि घरी आईला बघायलाही तेच पाठवता येतील. हे करायचं. कॅमेऱ्याच्या वाय-फायवरून फोनवर घ्यायचे, फोनवरून क्लाउड. कंटाळा आला त्या दिवशी नाही केलं तरी चालेल, हे शेवटचं कवच आहे, पहिलं नाही.

१२ सप्टेंबर

फोनांचं. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून सगळं १५ जीबीच्या फुकट जागेत मोजलं जातं, आणि ती जागा ईमेलसोबत वाटलेली आहे. दादाकडे २ जीबी शिल्लक निघाली, तो ज्या भरवशावर होता ती ही. आयक्लाउडचं फुकट तर ५ जीबीच. त्याने जास्त जागेचा प्लॅन घेतला, आता निदान सहल बसेल.

वहिनींना एक गोष्ट दोनदा सांगितली : आयक्लाउड फोटोज ही दुसरी प्रत नाही, आरसा आहे. फोनमध्ये जागा नाही म्हणून तिकडे फोटो डिलीट केला तर क्लाउडवरूनही जातो, "रीसेंटली डिलीटेड" मध्ये ३० दिवस सापडेल, नंतर नाही. त्या म्हणाल्या, "मग त्याला बॅकअप का म्हणतात लोक?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

रोमिंगवर मोबाइल डेटाने बॅकअप बंद, फक्त वाय-फाय. आणि फोन हरवला तर नव्या फोनवरून खात्यात शिरताना ओटीपी त्याच हरवलेल्या सिमवर जाणार, म्हणून गूगलचे बॅकअप कोड (दहा येतात, आठ-आठ आकडी) कागदावर छापून दादाच्या पाकिटात माझे, माझ्या पाकिटात त्याचे.

१४ सप्टेंबर

सामानाचे नियम. कार्डं, एसएसडी, कॅमेरा सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये काही नाही. पॉवर बँक तर चेक-इनमध्ये चालतच नाही. मर्यादा १०० वॉट-अवर, आमची २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४, बसते. २०२५ पासून काही विमान कंपन्यांनी उड्डाणात ती वापरायलाही बंदी केली आहे, तेव्हा विमानात चार्जिंग त्यावर अवलंबून ठेवायचं नाही.

एक्स-रेने मेमरी कार्ड पुसलं जातं ही समजूत अजून आहे. फ्लॅश मेमरीला काही होत नाही. फिल्मला होतं, वहिनींच्या इन्स्टंट कॅमेऱ्याच्या फिल्मचे पुडे मात्र हाताने तपासा म्हणून सांगायचं.

२० सप्टेंबर

कॅमेऱ्याची सेटिंग्ज.

फाइल नंबर "सलग" वर ठेवले. "रीसेट" वर असेल तर प्रत्येक नवं कार्ड ०००१ पासून सुरू होतं, आणि सहा कार्डांची एकाच नावाची फाइल एका फोल्डरात टाकली की फोन विचारतो "बदलू का", झोपेत "सगळ्यांना हो" दाबलं की मागच्या तीन दिवसांवर पाणी. सलग असलं तरी ९९९९ नंतर परत ०००१ येतोच. म्हणून एसएसडीवर प्रत्येक रात्रीचं वेगळं फोल्डर : आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग कार्डाचा नंबर. वर्ष आधी लिहिलं की आपोआप क्रमाने लागतात.

कार्ड तीन दिवस चालणार, मग दुसऱ्या रात्री फक्त नवीन फायली निवडायच्या की पूर्ण कार्ड परत? निवडायला गेलं की चूक होणार. एसएसडीत जागा आहे, पूर्ण कार्डच परत नव्या फोल्डरात. एकच फोटो तीनदा येईल, येऊ दे, घरी आल्यावर छाटता येईल. तिसऱ्या रात्री कॉपी तासभर चालेल ही यातली बोच आहे. बघू तिथे जमतंय का.

घड्याळ तिकडच्या वेळेला लावायचं, आणि पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढायचा, सेकंद दिसतील असा. फोन आपली वेळ आणि टाइम झोन दोन्ही फोटोत लिहितो, माझा जुना कॅमेरा टाइम झोन लिहीत नाही. तिघांचे फोटो नंतर एका क्रमात लावायला हा एक फोटो पुरतो.

अजून एक, प्रत्येक कार्डावरचा पहिला फोटो म्हणजे कागदावर लिहिलेला ईमेल पत्ता. कार्ड कोणाला सापडलं तर परत करायला काहीतरी धागा.

२६ सप्टेंबर

वाटणी ठरली. फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. प्रवासात "दुसरी जागा" म्हणजे दुसऱ्या माणसाची बॅग. भरलेली कार्डं वहिनींच्या पर्समध्ये, एसएसडी माझ्याकडे, निवडक क्लाउडवर. तिसरी प्रत अर्धीमुर्धी आहे, माहीत आहे, दुसरी एसएसडी नेऊन रोज दोनदा कॉपी करणं दहा वाजताच्या अटीत बसत नाही म्हणून सोडलं.

कार्डाच्या डबीत रिकामं कार्ड तोंड वर, भरलेलं पालथं. भरलेल्याची बाजूची कळ लॉकवर. ती कळ नुसती प्लास्टिकची आहे, आत काही होत नाही, पण कॅमेरा लिहायला नकार देतो, एवढं पुरे.

३ ऑक्टोबर

पोचलो. पहिल्या रात्रीचे ९ जीबी, आंघोळ होईपर्यंत झाले. संख्या जुळली, आकार जुळला.

५ ऑक्टोबर

२० सप्टेंबरला लिहिलेलं बदललं. आजचे एकट्याचे ३१ जीबी, अंदाजापेक्षा दीडपट, पाऊस होता म्हणून आत बसून व्हिडिओच जास्त झाले. पूर्ण कार्ड परत कॉपी करायला गेलं तर ५० मिनिटं दाखवायला लागलं. मधला मार्ग काढला : कार्ड तीन दिवस चालवायचं नाही, दिवसाआड बदलायचं, ३२ वाली दोन जुनीही कामाला लावायची. एसएसडीवर कधीही दोन दिवसांपेक्षा जास्त परत जात नाही. मोठ्या कार्डाच्या बाजूने जे बोलतात त्यांना हे बघून हसू येईल.

९ ऑक्टोबर

आज तपासणीचा उपयोग झाला. फायलींची संख्या जुळली आणि एकूण आकार २ जीबीने कमी. शेवटचा व्हिडिओ उघडेना. हबची वायर टेबलाच्या कडेवरून लोंबत होती, कधीतरी सैल होऊन परत लागली असणार, फाइलचं नाव तयार झालं आणि पोट अर्धंच भरलं. नुसती संख्या मोजून झोपले असते तर कळलं नसतं. तेवढं फोल्डर डिलीट करून परत कॉपी, आणि हब जमिनीवर.

क्लाउडचं परवापासून नाही झालं. वाय-फाय पायऱ्यांपाशीच येतं, तिथे उभं राहून कोण करणार.

१३ ऑक्टोबर

वहिनींच्या पर्समधली डबी तपासली, चारही कार्डं पालथी, लॉक. दादाचा फोन भरला, त्याचे व्हिडिओ एसएसडीवर घेतले, १ टीबी घेतल्याचं चीज झालं. "क्लाउडवर जातंच की" असं मी म्हटलं नाही, वहिनींनी म्हटलं.

१८ ऑक्टोबर

घरी. आज काहीही फॉरमॅट करायचं नाही, एवढंच काम. एसएसडी पूर्ण कॉम्प्युटरवर उतरवायला लावली.

२० ऑक्टोबर

कार्डं एकेक करून रीडरमध्ये घालून थेट चेकसमने एसएसडीच्या प्रतींशी ताडून बघितली. सगळं जुळलं. ९ तारखेचं फोल्डर मुद्दाम वेगळं तपासलं, तेही ठीक. दुबार फायली चेकसमवरूनच काढल्या, नावावरून नाही, नावं ९९९९ ओलांडून परत सुरू झाली आहेत.

घड्याळाच्या फोटोवरून कळलं, कॅमेरा फोनपेक्षा १ मिनिट ४० सेकंद मागे होता. एक्झिफटूलने (फोटोत लिहिलेली तारीख-वेळ बदलता येणारं सॉफ्टवेअर) कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंच्या तारखा तेवढ्या पुढे सरकवल्या, तिघांचे फोटो एका ओळीत नीट लागले. सरकवायच्या आधीची मूळ प्रत वेगळी ठेवली आहे.

आता कॉम्प्युटरवर एक आणि घरच्या जुन्या हार्ड डिस्कवर एक. ती डिस्क दादाकडे ठेवायची, तो रविवारी येतोय. ती गेली की कार्डं १ ते ६ फॉरमॅट, तोवर डबी कपाटात तशीच.